सातच्या नोंदीचा नवा पत्ता

चि. बारकीस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (बासष्टाव्या वर्षी तुला चिरंजीव आणि वर बारकी म्हणणे चमत्कारिक दिसते, हे मला कळते. पण तू माझ्याआधी म्हातारी होऊ शकत नाहीस, त्याला माझा इलाज नाही.) तुझी प्रकृती ठीक असेल, डाव्या डोळ्यात थेंब वेळेवर पडत असतील आणि जिना उतरताना तू कठडा धरत असशील, असे धरून चालते. विचारून खात्री करून घेण्याचा मार्ग गेले बारा दिवस बंद आहे. माझे बरे आहे. गुडघा त्याच्या मर्जीने वागतो, मी माझ्या.

हे पत्र केवळ माझा पत्ता बदलल्याची सूचना देण्यासाठी आहे. घराचा पत्ता तोच आहे. बदलला आहे तो माझ्या अकाउंटचा, म्हणजे जिथे मी रोज सकाळी सात वाजता बाल्कनीतले तापमान लिहिते आणि जिथे तू सात वाजून दहा ते चौदा मिनिटांच्या दरम्यान त्या नोंदीखाली एक चांदणी लावतेस, किंवा लावत होतीस. सहा वर्षांत ती चांदणी एकदाच चुकली, तुझ्या मोतीबिंदूच्या दिवशी, आणि त्या दिवशी मी तुझ्या मुलीला फोन करून तिच्या दवाखान्यात दात साफ करायची वेळ मागितली होती. (दात मला साफ करायचे नव्हते. एवढ्यासाठी कोणी सात तासांचा प्रवास करत नाही, हे तिच्याही लक्षात आले असावे.) आता बारा दिवस चांदणी नाही. त्यामागचे कारण तू तुझ्या डोक्याने काढले असशीलच आणि ते चूक आहे. खरे कारण एक फाइल आहे. ते क्रमाने सांगते. मध्ये बोलू नकोस.

आमचा जुना सर्व्हर चष्मेवाल्यांचा. कोपऱ्यावरच्या त्यांच्या दुकानात, डोळे तपासायच्या खोलीच्या मागे, फ्रेमच्या खोक्यांमध्ये एक संगणक अहोरात्र चालू असे, आणि हवामानाच्या नोंदी ठेवणारे आम्ही दीडएकशे लोक त्याच्यावर राहत असू. तो मोठ्या कंपन्यांचा नव्हता, त्यामुळे जाहिराती नव्हत्या, आणि मालकाला काही सांगायचे असेल तर दुकानात जाऊन सांगता येत असे. गेल्या महिन्यात चष्मेवाल्यांनी जाहीर केले की महिनाअखेर सर्व्हर बंद होईल, सगळ्यांनी दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे. मी त्याच दिवशी दुकानात गेले. ते एका ग्राहकाच्या कानामागे काडी वाकवत होते. म्हणाले, "बाई, त्या संगणकाच्या पंख्याचा आवाज ऐकलात ना? बायको म्हणते, घरात घोरणारा एक पुरे, दुकानात दुसरा कशाला." मी म्हटले, तेल घाला. ते म्हणाले, "दोघेही म्हातारे झालो. तेल कोणाला घालू, मला का त्याला?"

नव्या सर्व्हरवर जागा मिळवायला अर्ज होता. 'इथे का यायचे आहे?' असा एकच प्रश्न आणि खाली चौकट. मी रीतसर मजकूर लिहिला: शिक्षण, रुग्णालयाच्या नोंद विभागातली एकतीस वर्षांची सेवा, त्यांपैकी चौदा विभागप्रमुख म्हणून, सहा वर्षांच्या दैनिक नोंदी, चष्मेवाल्यांची शिफारस. चौकटीत तो मावला नाही म्हणून तीनदा काटछाट केली. हा सर्व्हर एक पशुवैद्य बाई चालवते. तिचे उत्तर चार मिनिटांत आले: "या की काकू!" आणि पुढे एक हसरा चेहरा. मी तिची काकू कधी झाले, हे मी विचारले नाही. जागा मिळाली हे महत्त्वाचे.

बिऱ्हाड हलवण्याची पद्धत अशी आहे. आधी नव्या घरात जाऊन सांगायचे की जुन्या घरात राहणारी बाई ती मीच. मग जुन्या घरात परत येऊन सांगायचे की नव्या घरात राहायला चाललेली बाई तीही मीच. दोन्ही घरांनी एकमेकांची साक्ष दिली की जुन्या दारावर पाटी लागते आणि आपल्याला फॉलो करणारे लोक आपोआप नव्या दारी येऊन उभे राहतात. सामान मात्र येत नाही. पाहुणे येतात, सामान राहते. अशी बिऱ्हाडाची तऱ्हा मी पहिल्यांदाच पाहिली. माझ्या दोन हजारांवर नोंदी जुन्या घरीच राहिल्या. त्यांची प्रत काढून घेण्याची सोय होती, ती मी घेतली. पण प्रत उघडून पाहिली तर त्यात नुसते माझे आकडे. आकड्याखाली कोणी काय लावले, ते त्यात येत नाही. चष्मेवाल्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "तुमचं लिहिलेलं तुमचं, बाई. लोकांचं लोकांचं." नियम बरोबर आहे. मला पटला. तरी महिना संपायच्या आत मी जुन्या घरी जाऊन ते एकदा सगळे वरपासून खालपर्यंत पाहून आले, त्याला चार दुपारी गेल्या.

मग तपशील भरणे. नाव तेच. फोटो म्हणून सेवेतल्या ओळखपत्राचा लावला. (चष्मेवाल्यांचे मत पडले की त्यात मी कोणाला तरी अटक करायला आल्यासारखी दिसते. मी म्हटले, तो विभागच तसा होता.) स्वतःविषयीच्या माहितीत जुनाच मजकूर ठेवला: 'निवृत्त. रोज सकाळी सात वाजता तापमान. इतर विषयांवर चर्चा करत नाही.' एवढे झाल्यावर दोन याद्या उरल्या. मी ज्यांना फॉलो करते त्यांची एक, त्रेसष्ट जणांची. आणि मी ज्यांना ब्लॉक केले आहे त्यांची दुसरी, एक्केचाळीस जणांची. या दोन फाइली जुन्या घरातून उतरवून नव्या घरात चढवायच्या असतात. काम दोन मिनिटांचे आहे. पशुवैद्य बाईने तसे लिहिलेही होते: "काकू, यात चुकण्यासारखं काहीच नाही."

तुला आमच्या नोंद विभागाची शिस्त माहीत आहे. रुग्णाच्या फाइलवर त्याचे नाव कधीही लिहायचे नाही. फक्त क्रमांक, आणि कोणता क्रमांक कोणाचा हे वेगळ्या वहीत, कुलपात. येणाऱ्या-जाणाऱ्याला कव्हर पाहून काही कळता कामा नये. एकतीस वर्षांची सवय अंगातून जात नाही. संगणकाने त्या फाइलींना आपली लांबलचक नावे दिली होती, ती मी पुसून एकीला क्रमांक एक आणि दुसरीला क्रमांक दोन असे लिहिले आणि वहीत नोंद केली. आता क्रमांक एक कोणता? आमच्याकडे गंभीर रुग्ण नेहमी आधी, बाह्यरुग्ण नंतर. माझ्या दृष्टीने गंभीर म्हणजे ते एक्केचाळीस. त्यांच्यावर माझा किती वेळ गेला आहे, हे मलाच ठाऊक. प्रत्येकाला ताकीद दिली आहे, कारण सांगितले आहे आणि मगच दार लावले आहे. तुम्ही त्रेसष्ट जण बाह्यरुग्ण. आपापले येता, आपापले जाता, तुमची कधी काळजी करावी लागली नाही. (हे वाक्य मी बारा दिवसांपूर्वीपर्यंत लिहू शकले असते.)

ज्या दिवशी हलले, त्या सकाळी सहा पन्नासला तुम्ही सगळे नव्या दारी येऊन उभे होता. मी पाहिले. तुझे नाव वरून नववे होते. सातची नोंद नव्या घरातली पहिली नोंद होणार होती. ती वेळेवर व्हावी आणि त्याआधी घर पूर्ण लागलेले असावे, म्हणून मी घाईने याद्या चढवायला बसले. पडद्यावरच्या यादीत पहिला पर्याय होता 'फॉलो'. मी क्रमांक एक दिला. दुसऱ्या ठिकाणी 'ब्लॉक', तिथे क्रमांक दोन. जिने एकतीस वर्षे कोणालाही वही पाहिल्याशिवाय फाइल हलवू दिली नाही, तिने वही पाहिली नाही. वही हाताच्या अंतरावर, टेबलाच्या खणात होती. खणाला कुलूप होते. किल्ली माझ्याच कमरेला होती.

सात वाजता मी नोंद टाकली. सात दहा झाले, चौदा झाले. मी म्हटले, तुझे नेट गेले असेल. साडेसातला म्हटले, तुझा डोळा असेल. पावणेआठला पडद्यावर माझ्या नव्या दारी घंटा वाजू लागल्या आणि आत कोण यावे, तर मांजरवाली. (ही बाई दर नोंदीखाली आपल्या मांजराचा फोटो लावून 'आमच्याकडे इतके' असे लिहीत असे, आकडा कधीच देत नसे. तीन वर्षांपूर्वी ब्लॉक.) ती लिहिते, "अय्या, तुम्ही मला फॉलो केलंत? कधीपासून वाट बघतोय आम्ही दोघी." तिच्यामागून माझ्या प्रत्येक आकड्यावर चार ओळींची कविता करणारे एक निवृत्त प्राध्यापक आले, कवितेसकट. त्यांच्यामागून बाकीचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ऐकले होते. मी तर चोरांना पंगतीला बसवून संन्याशांना एकगठ्ठा फाशी दिली होती.

हे मला अजून कळले नव्हते. सांगायला आले ते संन्यासीच. दहाच्या सुमारास चष्मेवाले स्वतः जिना चढून आले, दुकान उघडे टाकून. दारातच उभे राहिले. म्हणाले, "बाई, पंख्याला तेल घातलं नाही म्हणून का?" मी म्हटले, काय म्हणून? त्यांनी फोन पुढे केला. माझे दार त्यांना बंद. म्हणाले, "सहा वर्षं जागा दिली. निघताना निदान तोंडावर सांगायचं होतं." मी खुर्ची पुढे केली. वही काढली, पाहिली. मग आम्ही दोघांनी बसून एकेक कुलूप उघडले. तासाभरात त्रेसष्टही मोकळे झाले. मी म्हटले, झाले. ते म्हणाले, "झालं कसलं? तुम्ही ब्लॉक केलंत तेव्हा ते सगळे तुमच्याकडून तुटले. कुलूप तुम्ही काढलंत, पण आत यायचं की नाही ते आता त्यांनी ठरवायचं. ज्यानं त्यानं पुन्हा बटण दाबायला हवं. ते काम तुमच्या हातचं नाही, बाई."

मी त्रेसष्ट निरोप लिहिले. प्रत्येकाला वेगळा. (एकच मजकूर सर्वांना पाठवला असता तर लोकांना ते परिपत्रक वाटले असते, तशी परिपत्रकेही मी आयुष्यात पुष्कळ काढली आहेत, पण त्यांत 'चूक माझी आहे' हे वाक्य कधी आले नव्हते.) आठवड्यात एकसष्ट परत आले. बासष्टावे माझे डॉक्टर. त्यांनी लिहिले की मला वाटले तुम्हाला तपासणीची तारीख चुकवायची आहे, आणि तारीख घेतल्यावरच बटण दाबले. त्रेसष्टावी तू. तुला पाठवलेला निरोप तू वाचलास की नाही, हे कळायची या सर्व्हरवर सोय नाही. अशी सोय नसणे हेच सभ्यपणाचे, असे मी पूर्वी म्हणत असे.

म्हणून चौथ्या दिवशी फोन केला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. तुझ्या मुलीने उचलला. मी म्हटले, आईला दे. मागे जरा कुजबुज झाली आणि ती म्हणाली, "मावशी, आई म्हणते, ती घरात नाहीये." मी म्हटले, ती कुठे गेली आहे हे तिलाच विचारून सांग. पुन्हा कुजबुज. "ती म्हणते, तिला माहीत नाही." बरे. तू धडधाकट आहेस एवढे कळले. तुझा आवाज मला मागून स्पष्ट ऐकू आला, सर्दीही नाही.

एक्केचाळिसांचे काय केले, हे सांगायचे राहिले. चाळीस जणांना पूर्वस्थितीत आणले, त्यातल्या मांजरवालीला मात्र दोन दिवसांची मुदत देऊन. उरलेला एक, लिफ्टवाला. लिफ्ट दुरुस्त करतो, आणि दरमहा वाद घालून त्याने मला वीट आणला होता, कारण त्याचा थर्मामीटर स्वयंपाकघराच्या धुराड्याजवळ टांगलेला आहे आणि तो बारमाही छत्तीस दाखवतो. मी त्याला चार वर्षांपूर्वी ब्लॉक केले होते. त्याने लिहिले, "बाई, राग गेला तुमचा हे बरं झालं. बायको गेल्यापासून सकाळी मी कुणाला काही सांगतच नव्हतो." त्याला मी काढणार होते. बोट बटणावर होते. काढले नाही. आता रोज सात वाजून दोन मिनिटांनी त्याचा छत्तीसचा आकडा येतो. आकडा साफ खोटा आहे; पण वेळेवर येतो, आणि मी त्याच्याखाली एक चांदणी लावते. हे तू कोणाला सांगू नकोस.

येणेप्रमाणे माझ्या पत्त्यातील बदलाची सूचना पूर्ण झाली. नवा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून सोबत जोडला आहे, डोळ्यांना ताण पडू नये म्हणून. तुझ्या मुलीला आशीर्वाद. खोटे बोलताना तिने इतके थांबू नये.

तुझी,
ताई

ता. क. पत्ता नुसता वाचून उपयोग नाही. तो उघडल्यावर उजव्या हाताला 'फॉलो' असे बटण दिसेल, ते दाबायचे. एकदाच. माझ्या हातचे असते तर मी केव्हाच दाबले असते.

ता. क. दुसरे. वरचे पत्र वाचून तुला वाटेल की आठ महिन्यांपूर्वीचे भांडण मी सोयीस्करपणे गाळले. गाळले नाही, जागा पुरली नाही. तू माझ्या नोंदीखाली, चारचौघांत, लिहिले होतेस, "ताई, तीन दिवस साडेएकवीसच? थर्मामीटर झोपलाय की तू?" मी उत्तर दिले की उपकरणाच्या प्रामाणिकपणावर शंका घेणाऱ्यांनी आधी स्वतःकडे उपकरण ठेवावे. त्या उत्तराला सोळा जणांनी चांदण्या लावल्या. तुझा फोन त्या दिवसापासून बंद झाला, आणि तरी दुसऱ्या दिवशी सात अकराला तुझी चांदणी होतीच. मी पाहिली होती. पाहिली होती, हे सांगितले नव्हते.

ता. क. शेवटचे. बाबांच्या बियाण्यांच्या दुकानातला लाकडी पट्टीचा थर्मामीटर तुझ्याकडे आहे. वाटणीच्या वेळी मी म्हटले होते, घेऊन जा, मला नको. मला हवा आहे. पार्सलने पाठवू नकोस, काच आहे, पोस्टातले लोक आपटतात. हातात धरून घेऊन ये, आणि आल्यासरशी परत निघायचे नाही; त्याला बाल्कनीत स्थिर व्हायला पंधरा दिवस तरी लागतात. माझा होता तो खिडकी पुसताना हातातून निसटून खाली फरशीवर पडला. तुझ्या त्या प्रश्नाच्या तीन दिवस आधी. तेव्हापासून मी रोज सात वाजता बाल्कनीतून हात बाहेर काढते आणि अंदाजाने आकडा लिहिते. पहिले तीन दिवस हात अजून तरबेज नव्हता. आज हात बाहेर काढला तेव्हा गार लागले. किती, ते तू आल्यावर लिहू.